पाणी की साधं

त्या घरात पाण्याला पाणी म्हणत नसत. हे आधी नीट कानात घालून ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नळाला येतं, आपण पितो, त्याला त्या घरात म्हणायचं "साधं". आणि "पाणी" म्हणजे निळ्या पिंपातलं, नणंदेनं स्वतःच्या हातानं खतं मोजून कालवलेलं, झाडांचं. खोटं नाही सांगत, सासरे गोळी घ्यायला बसले की म्हणायचे, "अर्धा पेला साधं आण गं."

लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सून फसली. नणंद काचेच्या खोलीतून ओरडली, "जरा पाणी आण गं पटकन!" ही बिचारी स्वच्छ पेला धुऊन, पुसून, बशीवर ठेवून घेऊन गेली. नणंदेनं पेल्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, मग पेल्यात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "हे साधं आहे. अगदी तुझ्यासारखं."

नवरा हसला, सासरेही हसले, आणि त्या दिवसापासून सुनेचं नाव पडलं साधं. तेही "साधी" नव्हे हं, "साधं"! "आमचं साधं उठलं का?" "साध्याला म्हणावं चहा टाक." बाई नाहीच जशी, ओट्यावरचं भांडं.

तर ही काचेची खोली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, सासऱ्यांची एक चिंचोळी खोली, मधे हॉल, आणि हॉलच्या पलीकडे ही, एका बाजूला भिंतभर काच असलेली. तिथे नणंदेची बाग. माती नाही, कुंडी नाही, काही नाही. पांढरे पाइप आडवे, एकावर एक पाच, त्यांना भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा कप आणि कपात एक सॅलडचं रोप. साठ रोपं मोजून. खाली चाळीस लिटरची टाकी, तिच्यात पंप, आणि दिवसभर झुळझुळ झुळझुळ. रॅकच्या शेजारी नणंदेची खाट. चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची ती, चौतिशीची, लग्न केलं नाही, आणि तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "साठ पोरं आहेत मला. त्यातलं एकही उलट बोलत नाही."

आणि सून नवऱ्याबरोबर हॉलमध्ये. सोफा ओढला की पलंग, आणि दोरीवर एक चादर टाकली की भिंत. सासऱ्यांना रात्रीतून चारदा उठायला लागायचं, तेव्हा ते आधी खोकायचे, दोनदा, म्हणजे हॉलमधून येतोय असा इशारा. वर्षभर त्या खोकल्याच्या तालावर संसार चालला होता. नवरा कारखान्याची बस चालवायचा, पाळी संपवून आला की पाठ टेकताच झोपायचा. पण सुनेला झोप यायची नाही. तिला जगात एकच गोष्ट हवी होती. दागिना नको, फिरायला नको. दार! आतून कडी लावता येईल असं एक दार.

काचेच्या खोलीला होतं की दार. पण नणंद ते कधी लावायचीच नाही. "झाडांना हवा लागते," म्हणे. सताड उघडं, चोवीस तास, बारा महिने. म्हणजे जिच्याकडे दार होतं तिला ते नको होतं, आणि जिला हवं होतं ती रोज त्या दारावरून ओलं फडकं फिरवायची. काय जळत असेल हो तिचं!

आता एक कॅफेवाला होता. चष्मा करायला दुकानात आलेला, नणंदेनं त्याला डब्यातली चार पानं चाखवली आणि तो खूश. म्हणाला, शनिवारी अकराला बाग बघायला येतो, पसंत पडली तर दर आठवड्याला सगळी पानं मला. खोलीवरून घरात धुसफूस होतीच, त्यावर जेवताना नवऱ्यानं निवाडा केला.

"तो हो म्हणाला तर खोली ताईची. पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. नाही म्हणाला तर रॅक निघेल, आम्ही आत, ताई हॉलमध्ये."

"कबूल," नणंद म्हणाली. "नाही म्हणायला त्याला जीभ उचलावी लागेल आणि ती माझ्या पानांना चिकटलेली असेल." मग सुनेकडे वळून, "तू आशा ठेव हं. आशेला काही लागत नाही."

पण झालं काय, त्याच आठवड्यात दुकानानं नणंदेला दुसऱ्या गावच्या नव्या शाखेत पाठवलं, माणसं तयार करायला. सोमवारी सकाळी जायचं, शुक्रवारी दुपारी परत. नवरा पाळीवर, आणि सासऱ्यांचे हात थरथरायचे. तेच हात एकेकाळी घड्याळं दुरुस्त करायचे बरं का, चिमट्यानं तिळाएवढा स्क्रू उचलायचे. आता पेला धरला तरी अर्धा सांडायचा. मागे एकदा ते हौसेनं रोपाचा कप सरळ करायला गेले तर नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, लांब. रोपं आहेत ती, भूकंप नको." त्या दिवसापासून ते त्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे. आत पाऊल नाही.

तर राहिलं कोण? साधं.

रविवारी दुपारी शिकवणी झाली. नणंदेनं मीटर टाकीत बुडवला, पेनासारखा असतो तो, पाण्यात खत किती ते सांगतो, आणि सुनेच्या नाकासमोर धरला.

"वाच."

सून घाबरलेली. ते टिंब दिसलंच नाही तिला. "चौदा."

नणंद एवढी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं. "चौदा! अगं एक पूर्णांक चार! चौदा असतं तर झाडांचं लोणचं झालं असतं!" नवऱ्याला हाक मारून पुन्हा वाचायला लावलं. मग मीटर पुसला, कपाटाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप. "हे तुझ्या हातात नको. हे बघ, टाकीत आतून रेघ मारलीय. पाणी रेघेच्या खाली किती बोटं गेलं ते मोज. बोटं तरी मोजता येतात ना? रोज संध्याकाळी मला फोन करायचा, मी सांगेन ते ओतायचं. डोकं चालवायचं नाही. तुझं डोकं चाललं की माझं नुकसान होतं."

आणि मग, मुख्य गोष्ट, तिनं सुनेला नाही, भावाला सांगितली. सून तिथेच उभी, फरशी पुसतेय. "उकाडा वाढलाय. उन्हात झाडं नुसतं साधं पितात आणि खत मागे टाकतात. म्हणजे टाकी खाली गेली की आत उरलेलं दाट होत जातं. तेव्हा साधंच घालायचं वर, त्या पांढऱ्या बादलीतलं. पिंपातलं दुप्पट दाट आहे, ते मी शुक्रवारी येऊन टाकी बदलताना अर्धंअर्धं करीन. चुकून वर घातलं तर मुळं पाण्यात असून कोरडी पडतील, उलट झाडातलीच ओल बाहेर ओढली जाईल."

नवऱ्यानं "हो हो" केलं आणि विसरला. सुनेनं फरशी पुसता पुसता सगळं ऐकलं. काकडी चिरून मीठ लावलं की पाच मिनिटांत बशीत तळं साचतं, हे तिला माहीत होतं. एवढंच तर होतं ते! मीटर वाचता येत नसेल, काकडी तर येत होती.

सोमवारी संध्याकाळी फोन लावला. हात ओले, म्हणून स्पीकरवर, फोन दाराच्या कडेला स्टुलावर. उंबऱ्याशी सासरे. पलीकडे नणंदेच्या भोवती नव्या दुकानातल्या पोरी, खिदळणं, खुर्च्या सरकल्याचे आवाज.

"ताई, दोन बोटं खाली गेलंय."

"मग पाणी भर की!"

सुनेचा हात थांबला. डावीकडे पांढरी बादली, उजवीकडे निळं पिंप. आता बघा हं, नणंद तिकडे परक्या गावात, परक्या पोरींत बसलेली, तिथे पाण्याला पाणीच म्हणतात. तिच्या तोंडून सगळ्या जगासारखं निघून गेलं. सुनेला हे कळलं? कळलं. पहिल्या क्षणाला कळलं. तरी तिनं विचारलं, एकदा नीट विचारलं, ते तिच्या बाजूनं धरा.

"पाणी ना, ताई?"

"हो, पाणी! दुसरं काय, दूध?"

पलीकडच्या पोरी फुटल्या हसून. फोन बंद झाला. सुनेनं पिंपाचं झाकण उघडून प्लास्टिकच्या मगानं दहा मग मोजले आणि टाकी रेघेला आणली. सासऱ्यांनी पाहिलं. दोनदा खोकले, एवढंच.

मंगळवारी पुन्हा दोन बोटं. "पाणी भर, रोज काय विचारायचं असतं? घोकून ठेव." दहा मग. रोपं अजून छान दिसत होती, उलट जास्तच हिरवी. सुनेला वाटलं, घ्या, काहीच होत नाही! आणि तिला चक्क वाईट वाटलं.

बुधवारी दुपारी ती इस्त्रीच्या दुकानातून परत आली, अर्धा दिवस कपड्यांना इस्त्री करायची ती तिकडे, आणि दारातच थबकली. साठच्या साठ रोपांनी माना टाकलेल्या. खाली पंप चालू, झुळझुळ चालू, मुळं पाण्यात लोंबतायत आणि वर पानं चिंध्यांसारखी. कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, जळत्या वातीला कागद लावून झटकन विझवावा तशा. तिनं एक कप उचलला. मुळं पांढरी असायची, ती चहाच्या रंगाची झालेली.

काय केलं होतं त्या रोपांनी तिचं? एकही उलट बोलत नाही, नणंद म्हणायची, ते खरंच होतं. तिनं पांढरी बादली ओढली टाकीशी. टाकीचं खालचं बूच काढायचं, सगळं मोरीत सोडायचं, साधं भरायचं, उद्या सकाळपर्यंत निम्मी तरी उभी राहतील. तिला येत होतं सगळं. बूच हातातही धरलं होतं.

"पोरी," उंबऱ्यावरून सासरे म्हणाले. बागेविषयी ते तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले. "फोन कर. सांग तिला, मान टाकलीय म्हणावं."

म्हणून तिनं बूच सोडलं आणि फोन लावला. खरंच सांगायला लावला हो. स्पीकरवर.

"ताई, झाडं मान टाकतायत. बाबा म्हणतात..."

"बाबा?" नणंद किंचाळली. "बाबा आत गेले? त्यांना म्हणावं ते हात घेऊन खुर्चीत बसा! एक घड्याळ धड लावता येत नाही आता आणि चाललेत माझी बाग सांभाळायला! उकाड्यात मान टाकतातच झाडं, दुपारी टाकतात, संध्याकाळी उचलतात. तू पाणी भर. काठोकाठ भर." मग तोंड फोनपासून वळवून, पण ऐकू येईल असं, "अगं काही नाही, घरी एक साधं ठेवलंय आम्ही. भावानं आणलंय. मीटरवर चौदा वाचतं!"

पलीकडे हसण्याचा स्फोट. एकीनं विचारलं, "चौदा?" आणि नणंद सगळी गोष्ट पहिल्यापासून रंगवून सांगायला लागली, पेला, बशी, बोट बुडवून चाटलेलं, सगळं. फोन बंद करायलाही विसरली. सून आणि सासरे ऐकत राहिले. भूकंपाचा किस्साही आला. तो तर तिनं आवाज काढून सांगितला, हातांची नक्कल करत असणार, कारण पोरींना श्वास घेता येईना.

सुनेनं फोन बंद केला.

सासरे उठले. वर्षभरानं त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला. सावकाश, भिंतीला धरत पिंपापर्यंत गेले, थरथरत्या हातांनी झाकण काढलं, तेही धड निघेना, दोनदा निसटलं, आणि सुनेपुढे मग धरला.

"काठोकाठ म्हणाली ना," ते म्हणाले. "भर."

गुरुवारचा फोन सुनेनं केला, सांगितलं तेवढं ओतलं, आणि पिंपाचा तळ दिसला.

शुक्रवारी दुपारी नणंद आली ती बूट न काढता थेट आत. आवाज नाही. एकदम एवढी शांतता की पंपाची घरघर स्वयंपाकघरात ऐकू यायला लागली. मग खणाचं कुलूप, मग मीटरची टिक. सून ओट्यापाशी उभी राहून मोजत होती, एक, दोन, तीन.

"चार पूर्णांक तीन," नणंद दारात येऊन म्हणाली. तोंड पांढरंफटक. "कुणी घातलं?"

"मी."

"काय घातलंस?"

"पाणी."

"साधं घालायचं होतं!"

"तुम्ही पाणी म्हणालात, ताई. मी विचारलंही. पाणी ना, म्हटलं. तुम्ही म्हणालात, दुसरं काय, दूध?"

"अगं पण मी... पाणी म्हणजे... तुला कळत होतं! तुला कळत होतं मला काय म्हणायचं होतं!"

"मला कसं कळणार?" सून म्हणाली. एवढी गोड म्हणाली ना! "डोकं चालवायचं नव्हतं ना मला."

नणंदेनं हात उचलला होता, देवाशप्पथ. पण मधेच तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही इथेच होतात ना? सांगा हिला. सांगा ना."

सासरे खुर्चीत. हात मांडीखाली दाबून धरलेले, थरथर दिसू नये म्हणून. "पाणीच म्हणालीस तू," ते म्हणाले. "रोज. चारही दिवस. मी ऐकलंय." आणि जरा थांबून, "बाकीचंही ऐकलंय."

हे ऐकल्यावर नणंद जमिनीवर बसली. तिथेच, बुटांसकट. मग उठली आणि दुपारभर वेड्यासारखी राबली. टाकी मोरीत ओतली, साधं भरलं, पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. जळलेल्या कडा कात्रीनं कापल्या. शनिवारी अकराला साठांतली अकरा रोपं अर्धवट उभी होती, ती तिनं पुढच्या पाइपात ओळीनं लावली, बाकी रिकाम्या भोकांवर ओलं कापड टाकलं.

कॅफेवाला वेळेवर आला. भला माणूस, म्हणूनच ते बघणं जास्त वाईट. त्यानं रॅककडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, एक पान तोडून चावलं आणि त्याचे डोळे एकदम बारीक झाले.

"जरा कडू आहे, नाही?"

"उकाडा होता," नणंद म्हणाली. "पुढच्या महिन्यात..."

"हो, हो, बघू की." तो तोंडातलं कसं टाकावं या विचारात इकडेतिकडे बघायला लागला. "जरा पाणी मिळेल का हो?"

आणि सून, शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही, वर्षभराच्या सवयीनं तोंडातून गेलं तिच्या, "पाणी की साधं?"

तो बिचारा गोंधळला. "साधंच द्या," म्हणाला.

सासरे हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग नवराही, आणि कॅफेवाला काय झालं ते न कळून भिडस्तासारखा हसला. पहिल्यांदा त्या घरात सगळे हसत होते आणि सुनेला कुणी हसत नव्हतं. नणंद मधे उभी, हातात कात्री. तिच्याकडे एकानंही पाहिलं नाही.

रविवारी रॅक निघाला. नवरा शीळ घालत पाइप उतरवत होता. एक पाइप निसटून फुटला, त्यातला उरलेला गाळ, मुळं, सगळं नणंदेच्या खाटेवर सांडलं. "असू दे, खाट आता हॉलमध्येच जायचीय," तो म्हणाला. खाट मात्र हॉलमध्ये मावेना, म्हणून ती भंगारवाल्याला गेली आणि नणंदेला सोफा मिळाला. तोच, ओढला की पलंग होणारा. दोरी आणि चादर सुनेनं स्वतः दिली. घडी घालून दिली.

आणि दुपारी, सगळं आवरल्यावर, सून काचेच्या खोलीत गेली. नवरा पाळीवर गेलेला. नवी चादर घातलेली, काचेतून ऊन आत आलेलं, आणि सगळं तिचं. ती वळली आणि तिनं दार ढकललं.

दार आलं, आलं, आणि थांबलं.

तिनं खांदा लावला. मग पाठ लावली. पाय भिंतीला टेकवून रेटलं. चौकटीपासून दोन बोटं बाकी. कडी तिनं सोडवून पुढे ओढली, कोयंडा तिकडे लांब. बारा महिने ओल पिऊन लाकूड फुगलेलं होतं. उघडं असायचं तेव्हा कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

फटीच्या बरोबर समोर सोफा. सोफ्यावर नणंद आडवी, चादर न लावता, उघड्या डोळ्यांनी इकडे बघत. किती वेळ बघत होती कोण जाणे.

"ते नाही लागायचं," नणंद म्हणाली. "वर्षभर पाणी प्यालंय ते."

सुनेनं पुन्हा खांदा लावला.

"आणखी रेट," नणंद म्हणाली. कुशीवर वळून तिनं उशी नीट डोक्याखाली घेतली, नाटक बघायला बसावं तशी. "मला कुठे जायचंय?"

सोफ्यामागच्या खुर्चीतून सासरे दोनदा खोकले.